मुरलेली मराठी : ‘ख्रिस्तपुराणा’चे एक वाचन

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपल्या समाजात निघाले की पाठोपाठ त्यांच्या मराठीस्तुतीच्या ओव्या निघतात. शाळेचे स्नेहसंमेलन असो, मराठी भाषा दिन असो की धर्मग्रामाचा सण असो, कोणीतरी उठून त्या ओव्या म्हणतो, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आमच्या लातूरच्या शेजारी, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या नांदेड-लातूरकडील ख्रिस्ती घरांतही हेच घडले. एका इंग्रजाने चारशे वर्षांपूर्वी मराठीला रत्नाची, मोगऱ्याची, कस्तुरीची उपमा दिली, याचा अभिमान आम्ही पुन्हा एकवार मिरवला. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र त्यानंतरही कपाटातच राहिले.

अभिमानाविषयी आमची तक्रार नाही. परंतु केवळ त्या ओव्यांवरून स्टीफन्स यांच्या मराठीची पारख करणे आम्हांस योग्य वाटत नाही. रत्न, मोगरा, कस्तुरी, मयूर, कल्पतरू या उपमा त्या काळच्या पुराणकाराच्या शिदोरीत तयारच असत. पाहुण्याने यजमानाच्या घराची स्तुती करावी ही रीतच आहे, आणि अशी स्तुती चांगल्या पोथ्या वाचूनही साधते. परकी भाषा माणसात खोलवर मुरली की नाही, याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. तो ‘ख्रिस्तपुराणा’त दोन ठिकाणी सापडतो, असे आमचे मत आहे. एक, ग्रंथारंभीच्या गद्य प्रस्तावनेत. दुसरा, कथेत वारंवार प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यात. या दोन ठिकाणांकडे वाचकांचे लक्ष वेधावे आणि तेथून आमच्या मराठवाड्यातील धर्मग्रामांकडे वळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सदतीस वर्षांचा हिशेब

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, १५४९ च्या सुमाराचा. कॅथलिकांना उघडपणे उपासना करणे तेथे अशक्य झालेले असताना ते रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, ते या भूमीवर राहिले. त्यांतील बहुतेक वर्षे साष्टीत गेली. मायदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. सुमारे अकरा हजार ओव्या, ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि दोन भाग. पहिला भाग जुन्या कराराचा, दुसरा नव्याचा. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्याने मराठी ओव्या रोमी अक्षरांत छापाव्या लागल्या. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो संपादित करून छापला, तोही रोमी लिपीतच. छापील देवनागरीत तो मराठी वाचकांच्या हाती आला १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे. आपल्याच भाषेतील ग्रंथ आपल्याच लिपीत छापून यायला ३४० वर्षे लागली, ही गोष्ट ओव्या म्हणताना सहसा कोणी सांगत नाही.

गोव्यास उतरणे आणि ग्रंथ छापणे यांच्यामध्ये सदतीस वर्षे गेली. हा हिशेब महत्त्वाचा आहे. आल्यानंतर चार वर्षांनी, १५८३ मध्ये, स्टीफन्स यांनी पॅरिसमधील आपल्या भावास लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात इकडील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे असे निरीक्षण आहे, आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक त्याची आजही दखल घेतात. म्हणजे भाषेचा सांगाडा चार वर्षांत त्यांच्या ध्यानी आला होता. पुढे त्यांनी कोकणीचे व्याकरणही रचले. ते त्यांच्या पश्चात, १६४० मध्ये, छापून आले. तथापि सांगाडा कळणे आणि त्या भाषेत रात्री दिव्याभोवती बसलेल्या माणसांना गोष्ट सांगता येणे, यांच्यामध्ये तीन दशकांहून अधिक काळ उभा आहे.

हा काळ कसा गेला असेल? साष्टीत घरोघरी कोकणी बोलली जाई. पुराण, कीर्तन व पोथी यांची भाषा मात्र मराठी होती. अंगणात एक भाषा ऐकायची आणि पोथीपुढे दुसरी. स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. मुलांना शिकवायचा धर्मोपदेश त्यांनी कोकणीत लिहिला (तो १६२२ मध्ये छापला गेला) आणि पुराण मराठीत रचले. शिकण्याची रीत कोणती होती, याचा एक धागा पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहे. त्या काळच्या गोव्यातील मराठी व कोकणी कथा रोमी लिपीत उतरवून घेतलेल्या हस्तलिखित वह्या तेथे जपून ठेवलेल्या आहेत. रामायण-महाभारताच्या कथाही त्यांत आहेत. कोणी सांगितले, कोणी ऐकले आणि जसे कानी पडले तसे लिहून घेतले. प्रथम कान, मग हात, आणि सर्वांत शेवटी स्वतःची रचना, असा तो क्रम दिसतो.

याला मराठीत ‘मुरणे’ असा अस्सल शब्द आहे. कैरीच्या फोडी मिठात टाकल्या की त्या लगेच भिजतात, पण मुरायला दिवस जावे लागतात. पाण्यात पडलेला माणूसही भिजतो, मुरत नाही. नुसते परमुलखात राहिल्याने भाषा येते हा भ्रम आहे. गोव्यात आयुष्य काढून पोर्तुगीजपलीकडे न गेलेले लोक स्टीफन्स यांच्या आसपासही असले पाहिजेत, नाहीतर १६०६ च्या गोव्यातील प्रांतिक धर्मसभेला स्थानिक भाषा न शिकणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये, असा निर्णय करावा लागला नसता.

प्रस्तावनेतील कबुली

आता प्रस्तावनेकडे वळू. ती थोडी आहे, गद्यात आहे, आणि बहुतेक वाचक ती ओलांडून सरळ ओव्यांकडे जातात. तीत स्टीफन्स सांगतात ते असे : ग्रंथ मराठीत लिहिला, कारण देवाच्या गोष्टी सांगण्यास या देशीच्या भाषांत ती योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांना समजत नाही. म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाकले आणि हल्लीच्या कवींच्या रीतीप्रमाणे ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजे त्या वेळच्या कोकणीतील, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. शब्द या अर्थी ते स्वतः ‘उतर’ म्हणतात. कोकणी माणसाच्या तोंडी तो आजही आहे.

आमच्या दृष्टीने सबंध ग्रंथात याहून मोठी साक्ष नाही. जो भाषा पुस्तकातून शिकतो त्याला अवघड शब्दाचे अप्रूप असते. कष्टाने मिळवलेली ती नाणी मिरवल्यावाचून त्याला राहवत नाही. स्टीफन्स यांना जुन्या कवींचे शब्द येत होते. येत नसते तर ते टाकले असे म्हणण्याला अर्थ उरला नसता. येत असूनही त्यांनी ते बाजूला ठेवले, कारण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत होता. कोणता शब्द विद्वानाचा, कोणता मध्यम माणसाचा, आणि कोठे शेजारच्या बोलीतला शब्द घेतल्याने ओवी सुटते, हे कोशात सापडत नाही. ते कळायला लोकांच्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षे बसावे लागते. स्तुतीच्या ओव्यांत मराठीविषयीचा आदर दिसतो; प्रस्तावनेत मराठी बोलणाऱ्या माणसाची ओळख दिसते. आम्हांस दुसरी गोष्ट अधिक दुर्मीळ वाटते.

‘हल्लीच्या कवींची रीत’ या शब्दांनाही वजन आहे. स्टीफन्स साष्टीत कान तयार करीत होते त्याच काळात आमच्या मराठवाड्यात ओवी भरात होती. पैठणचे एकनाथ १५९९ मध्ये निवर्तले. लातूरहून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईत दासोपंत लिहीत होते. बिदरच्या मुलखातून येऊन ते तेथे स्थायिक झाले होते. स्टीफन्स यांच्या ओवीवर एकनाथी वळणाचा संस्कार अभ्यासकांना जाणवतो. भारुडांत हिंदू-तुर्काचा संवाद रंगवणाऱ्या आणि कधी कानडीचा, कधी मुसलमानी बोलीचा हात धरणाऱ्या नाथांनीही सोप्या शब्दाची लाज बाळगली नव्हती. तेव्हा ‘ख्रिस्तपुराण’ ही केवळ गोव्याची वा कोकणची मिळकत नव्हे. गोदावरीकाठच्या ओवीशी त्याचे नाते आहे, आणि नांदेडच्या वाचकाने ते परके समजण्याचे कारण नाही.

प्रश्न विचारणारा श्रोता

दुसरा पुरावा ग्रंथाच्या चौकटीत आहे. साष्टीत पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्यांना विनवतो. शिकवता ते उत्तमच आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. या विनंतीतून ग्रंथ सुरू होतो. पुढेही ऐकणारा मधेच शंका काढतो. पाद्री कथा थांबवतात, उत्तर देतात आणि मग कथा पुढे चालते.

या जागी वाचकाने क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. साष्टीतील मंदिरे १५६७ पासून पाडली गेली होती. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायासन आले होते. लोकांची पोथ्या-पुराणे हिरावली गेली होती. त्या ब्राह्मणाच्या सौम्य वाक्यात ही सगळी हकिकत दडली आहे. स्टीफन्स ज्या सत्तेच्या आश्रयाने तेथे राहत होते तिनेच ती पोकळी निर्माण केली होती, आणि त्यांचे पुराण त्या पोकळीत शिरले. आपण कॅथलिक वाचकांनी हे झाकून ठेवू नये. ग्रंथाची थोरवी त्यामुळे कमी होत नाही; उलट तो अधिक खरेपणाने वाचता येतो. कारण हे वाक्य स्टीफन्स यांनी गाळले नाही. ‘तुम्ही वर्ज्य केलीत’ हा आरोप त्यांनी स्वतःच्याच ग्रंथाच्या दाराशी, श्रोत्याच्या तोंडी, राहू दिला. जो भाषा शिकतो त्याला त्या भाषेतील दूषणही ऐकावे लागते. ते ऐकू आले आणि लिहिले गेले, हे त्यांच्या कानाचे प्रमाणपत्र आहे.

ग्रंथाला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. स्वर्गासाठी वैकुंठ म्हणणारे स्टीफन्स पवित्र आत्म्याला मात्र ‘स्पिरितु सांतु’ म्हणतात. धर्मसंस्कारांची नावे पोर्तुगीज-लॅटिनच राहतात. शास्त्रार्थाच्या शब्दांत चूक होऊ नये ही दक्षता त्यामागे आहे हे खरे, पण ओवीच्या वाहत्या पाण्यात हे शब्द दगडासारखे लागतात. मतप्रतिपादन लांबते तेथे पुराणकार मागे पडून शिक्षक पुढे येतो आणि रचना कोरडी होते. आमचे निरीक्षण असे की श्रोता प्रश्न विचारतो तेथे मराठी जिवंत होते, आणि श्रोता गप्प बसतो तेथे ती पाठ म्हटल्यासारखी वाटू लागते. एकट्याने बोलून भाषा मुरत नाही, हे ग्रंथ स्वतःच दाखवून देतो.

पुढील इतिहास ठाऊकच आहे. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. १६०६ मध्ये धर्मगुरूने लोकांची भाषा शिकावी असा दंडक होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी लोकांनी राज्यकर्त्यांची भाषा शिकावी असा हुकूम झाला. शिकण्याचे ओझे कोणी कोणावर टाकायचे, हा प्रश्न त्या दोन तारखांच्या मध्ये लोंबकळतो आहे. आमच्याकडे तो आजही सुटलेला नाही.

नांदेड-लातूरचा उंबरा

आमच्या भागात परक्या भाषेचे नवल नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि आमच्या वडीलमंडळींनी शाळेत उर्दू गिरवली. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू उंबऱ्याशी आहे, उदगीर-निलंग्याकडे कानडी. तांड्यावर गोरमाटी बोलतात. नांदेडला हुजूर साहिबमुळे पंजाबी यात्रेकरूंची वर्दळ असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेले शीख बांधव आमच्याइतकीच सहज मराठी बोलतात. बाजारात दखनी हिंदीवर सगळ्यांचे भागते.

हे भागणेच आमच्या धर्मग्रामांत अडचणीचे झाले आहे. आमच्याकडे धर्मगुरू आणि धर्मभगिनी बहुधा दुरून येतात. कोणी केरळातून, कोणी झारखंडमधून, कोणी वसई-गोव्याकडून. येताना शिकण्याची उमेद असते. पहिल्या आठवड्यात सिस्टर वही काढतात, भाजीवालीला मराठीत भाव विचारतात, अडखळतात. आणि आम्ही काय करतो? दया येऊन म्हणतो, “सिस्टर, हिंदी में बोलो, चलता है.” आम्हांस वाटते आपण त्यांना सांभाळून घेतले. वस्तुतः आपण दार लावून घेतलेले असते. अशी हजार दारे लागली की दहा वर्षे नांदेडात राहिलेल्या धर्मभगिनीलाही मराठी येत नाही, आणि मग आम्हीच तक्रार करतो की यांना आमची भाषा येत नाही.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे, आणि तो आमच्या स्वतःच्या हातून घडला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर देशभरातून मदतीला आलेल्या माणसांत केरळच्या एक तरुण धर्मभगिनी होत्या. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पत्र्याच्या शेडांमध्ये त्यांची नेमणूक झाली. मराठीचा एक शब्द येत नव्हता. शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारी होती. तिची दोन नातवंडे ढिगाऱ्याखाली गेली होती. म्हातारीला हिंदी येत नव्हते, त्यामुळे पळवाट नव्हती. सिस्टर संध्याकाळी तिच्यापाशी बसत, ज्वारी निवडू लागत, भाकरी थापायला शिकत. म्हातारी बोले, रडे, पुन्हा बोले. सहा महिन्यांत सिस्टर तिच्याशी बोलू लागल्या, आणि ती भाषा सर्वस्वी म्हातारीची होती. ‘लेकरू’, ‘कामून’, ‘काय करायलास’ हे शब्द त्यांना व्याकरणाआधी आले, दुःखाबरोबर आले.

काही वर्षांनी त्या आमच्या धर्मग्रामात आल्या. एका प्रायश्चित्तकाळात त्यांनी नाईन गावच्या विधवेची कथा स्वतःच्या शब्दांत सांगितली. मेलेल्या मुलामागून चाललेली ती आई त्यांनी आमच्या गावातली बाई केली. मागच्या रांगांतील शेतमजूर बायांनी पदर तोंडाला लावले. तशी शांतता आम्ही आमच्या मंदिरात क्वचितच अनुभवली आहे.

मिस्सा झाल्यावर आम्ही त्यांचे अभिनंदन केले. उपासनेची व्यवस्था तेव्हा आमच्याकडे असे. अभिनंदनापाठोपाठ आम्ही म्हणालो, “सिस्टर, फार छान बोललात. फक्त देवळात ‘कामून’ म्हणू नका, ‘का’ म्हणा. ‘करायलास’ हेही ग्रामीण आहे.” घरी येऊन आम्ही शुद्ध रूपांची एक यादीही करून दिली. त्यांनी ती नम्रपणे घेतली. पुढच्या रविवारपासून त्या छापील पुस्तकातून वाचू लागल्या. उच्चार बिनचूक होते. मागच्या रांगांतील बाया मुलांना गप्प करू लागल्या, जांभया देऊ लागल्या. दोन वर्षांनी सिस्टरांची बदली झाली. आपण काय केले हे आम्हांस कित्येक वर्षे कळले नाही. ‘ख्रिस्तपुराणा’ची प्रस्तावना नीट वाचली तेव्हा कळले. अवघड शब्द टाकून मध्यम लोकांचे शब्द घेतले, असे तो इंग्रज सांगत होता, आणि आम्ही मराठी माणसांनी मध्यम लोकांचे शब्द टाकायला लावले होते.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजाने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्या लोकभाषेतील ‘लोक’ कोण, हे ठरवायचे काम मात्र आपल्याकडे राहिले. फादर दिब्रिटो यांच्या घरची बोली वसईची सामवेदी. प्रमाण मराठीत बायबल आणताना त्यांनी ग्रंथाचे नाव ‘सुबोध बायबल’ ठेवले, यातील पहिला शब्द स्टीफन्स यांच्या प्रस्तावनेची आठवण देतो. २०२४ मध्ये ते निवर्तले. तो शब्द आपल्याजवळ ठेवून गेले. प्रमाण मराठी नको असे आमचे म्हणणे नाही. या नियतकालिकाची भाषा तीच आहे. पण महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र बोलीवरूनच गालीली म्हणून ओळखला गेला होता, आणि पन्नासाव्या दिवशी तोच पेत्र बोलायला उभा राहिला तेव्हाही ही माणसे गालीली आहेत हे जमावाने ओळखले होते. पवित्र आत्म्याने त्याची बोली आधी दुरुस्त केल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत कोठे लिहिलेले नाही.

पाहुणा आणि यजमान

शेजारच्या गुजरातेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. फादर कार्लोस वालेस हे स्पेनचे जेझुइट १९४९ मध्ये भारतात आले. गणिताचे प्राध्यापक म्हणून ते अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवीत. गुजराती शिकताना वर्गातील धड्यांवर त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून ते गुजराती विद्यार्थ्यांबरोबर वसतिगृहात राहिले. पुढे तर त्यांनी आपले निवासस्थान सोडले आणि अहमदाबादच्या जुन्या पोळींमध्ये एकामागून एक कुटुंबाकडे काही दिवस पाहुणा म्हणून राहण्याचा क्रम वर्षानुवर्षे चालवला. घरचे जे खातील ते खायचे, जे बोलतील ते ऐकायचे. १९७८ मध्ये त्यांना गुजराती साहित्यातील मानाचे रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाले. २०२० मध्ये माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

स्टीफन्स आणि वालेस यांच्यात एक फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. स्टीफन्स यांच्या पाठीशी राज्यसत्ता होती. श्रोता त्यांना नाही म्हणू शकत नव्हता. वालेस यांनी हेतुपुरस्सर अशी जागा घेतली की जेवणासाठीही दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागे. पत्र्याच्या शेडमधील आमच्या सिस्टरही त्याच जागी होत्या. भाषा मुरते ती माणूस गरजवंत होतो तेव्हा. म्हणूनच अंगणातील कोकणी आणि पोथीतील मराठी दोन्ही शिकून स्टीफन्स यांनी जे मिळवले ते इतर दोघांना मिळाले त्यापेक्षा कष्टाचे होते असे आम्हांस वाटते. सत्तेच्या उंच आसनावर बसूनही त्यांनी कान खाली, अंगणाच्या पातळीवर ठेवला.

पण वालेस यांच्या हकिकतीत आणखी कोणीतरी आहे, ज्यांची नावे कोणी घेत नाही. ती म्हणजे पोळींतील ती कुटुंबे. परक्या धर्मगुरूला त्यांनी घरात घेतले, पाटावर बसवले आणि आपल्या भाषेत बोलत राहिली. साष्टीतील तो ब्राह्मणही असाच एक शिक्षक. त्याने विचारले नसते तर पुराण झाले नसते. किल्लारीकडील ती म्हातारी तिसरी शिक्षिका. पाहुण्याची भाषा यजमानाच्या धीरावर वाढते. आमच्या टीकेचा सगळा रोख आजवर शिकणाऱ्यावर राहिला. शिकवणाऱ्या उंबऱ्याची परीक्षा आम्ही घेतलीच नाही.

म्हणून आमची आमच्या वाचक कुटुंबांना विनंती साधी आहे. तुमच्या धर्मग्रामात नवीन सिस्टर किंवा फादर आले तर त्यांना जेवायला बोलवा आणि सबंध जेवणभर मराठीत बोला. वाक्य अडले तर थांबा. हिंदीचा हात लगेच पुढे करू नका. घरातल्या आजीला त्यांच्याशेजारी बसवा. आजीची भाषा अशुद्ध आहे अशी आधीच क्षमा मागू नका. त्यांनी आजीचे शब्द देवळात उच्चारले तर यादी करून देऊ नका.

आणि एखाद्या रविवारी दुपारी ‘ख्रिस्तपुराण’ कपाटातून काढा. मराठीस्तुतीच्या ओव्या तुम्हांस पाठ आहेतच. त्या दिवशी त्या वगळा. प्रस्तावनेचे ते एक पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. एखादा शब्द त्यांना अडेल आणि ते अर्थ विचारतील. तेवढ्यावरच त्या दिवशीचे वाचन थांबले तरी चालेल. साष्टीतील ते पुराणही कोणीतरी मधेच विचारले म्हणूनच सुरू झाले होते.